राणीच्या गळ्याला साबुदाण्याची खळ

डिसेंबर लागला की नांदेड-लातूरकडे राजघराणी एकदम वाढतात. शाळांची गॅदरिंगं सुरू होतात, पाठोपाठ १२ जानेवारीची जिजाऊ जयंती येते आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपर्यंत हा राज्यविस्तार काही थांबत नाही. या दिवसांत सकाळी सातला रस्त्यावर नुसतं उभं राहावं. स्कूटीवर पुढे छोट्या जिजाऊ उभ्या असतात, मागे आईच्या कमरेला मिठी मारून अहिल्यादेवी, आणि त्यांच्या हातातली पिंड डब्याच्या पिशवीत. एका रिक्षात पाच मावळे, दोन आदिलशहा, आणि मिशी गुदगुल्या करते म्हणून ती काढून कंपासपेटीत ठेवलेला एक सरदार.

या सगळ्या राज्यकारभाराचं मुख्यालय म्हणजे ड्रेपरीचं दुकान. तिथे इतिहास हँगरवर टांगलेला असतो आणि सनावळीप्रमाणे नव्हे, इयत्तेप्रमाणे लावलेला असतो. मुकुटांचं खोकं एकच. त्यातला पत्र्याचा मुकुट श्रावणात श्रीकृष्णाकडे, दसऱ्याला रावणाकडे आणि गॅदरिंगला यमराजाकडे असा वर्षभर कामावर असतो. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे किल्ले, ढाली आणि सिंहासनं यांच्यावर संक्रांत आली. तेव्हापासून राज्यं पुठ्ठ्यावर आणि फोमशीटवर चालतात. तलवारींचं मात्र नांदेडला कधी अडत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या बाजारात कृपाण, कडं, तलवार सगळं राजरोस मिळतं. मुलासाठी लाकडी तलवार घ्यायला गेलेले बाप खऱ्या तलवारीपुढे बराच वेळ उभे असतात.

इंग्रजांच्या बाबतीत मात्र हे दुकान अगदी कोरडं. एक लाल कोट आणि एक गोल टोपी, खेळ खलास. तोच कोट घालून क्लाइव्ह प्लासी जिंकतो, डलहौसी संस्थानं खालसा करतो आणि रँडसाहेब पुण्यात मरतात. कोटाच्या पाठीला भोक आहे ते त्यामुळेच असावं. अशा ठिकाणी जाऊन मी ‘इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी, चारशे वर्षांपूर्वीची, आहे का?’ असं विचारलं, तेव्हा मालकाने शांतपणे परीचा पांढरा झगा काढला.

‘ही परी आहे,’ मी म्हणालो.

‘पंख सुटे हायेत साहेब. काढून टाका, राणी होती.’

ही राणी लातूरला हवी होती. माझी भाची तिथल्या एका इंग्रजी शाळेत शिकते. त्या शाळेने स्वातंत्र्यलढ्यावर कार्यक्रम बसवला आणि लढ्याची सुरुवात कुठून करायची यावर शिक्षकांची बैठक झाली. कुणी म्हणालं १८५७, कुणी म्हणालं प्लासी. शेवटी एका अभ्यासू मॅडमनी सगळ्यांना मागे टाकून ३१ डिसेंबर १६०० हा दिवस काढला. त्या दिवशी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. म्हणजे पडदा उघडणार, राणी बसलेली असणार, व्यापारी कमरेत वाकणार, राणी सही करणार, पडदा पडणार. पुढची साडेतीनशे वर्षं इतर वर्गांनी वाटून घेतली होती. भाचीच्या वाट्याला एक वाक्य आणि एक सही.

इतिहासाच्या सरांनी आपली सूचना मांडून पाहिली होती म्हणे. त्यांचं म्हणणं, त्याच काळातली आपली चाँदबिबी घ्या. तिने १५९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या तटाला पाडलेलं भगदाड रातोरात बुजवून घेतलं. एक बुरखा, एक तलवार, खर्च कमी आणि टाळ्या जास्त. पण इंग्रजी शाळेत इंग्रज राणी असताना नगरची राणी कोण घेणार?

ताईचा फोन आला. ‘झगा मी बघते. तू फक्त बारीकसारीक वस्तू बघ. मोती, पंखा, गळ्यातलं ते गोल काहीतरी.’

हे ‘बारीकसारीक’ प्रकरण काय आहे ते राणीची चित्रं बघितल्यावर कळतं. १५८८ मध्ये स्पेनच्या आरमाराचा बोजवारा उडाला, त्या विजयाचं म्हणून तिचं एक चित्र आहे. त्यात तिचा एक हात पृथ्वीच्या गोलावर आहे. पण पृथ्वीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण वर केसांत मोती, कानांत मोती, गळ्यातून पोटापर्यंत मोत्यांचे सर, बाह्यांवर फिती, फितींवर खडे, आणि मानेभोवती पांढऱ्या जाळीचं एक चाक. ‘रेनबो’ नावाचं तिच्या अखेरच्या वर्षांतलं आणखी एक चित्र आहे. त्यात तिने पांघरलेल्या वस्त्रावर चक्क डोळे आणि कान रंगवलेत, राणीला सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं म्हणून. ताईने ते चित्र मोबाइलवर मोठं करून बघितलं आणि लगेच निर्णय दिला, ‘डोळे-कान नकोत. ते काम आमच्या कॉलनीत शेजारीच करायलेत.’

चेहऱ्याची तर राणीने चिंताच ठेवली नव्हती. एक चेहरा पसंत पडला की तोच नमुना चित्रकार पुढच्या चित्रांत उतरवत. १५९६ मध्ये, राणी साठी ओलांडून पुढे गेलेली असताना, तिला न शोभणारी चित्रं नष्ट करायचा हुकूम निघाला. यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो कोणत्या सालातला असतो ते एकदा निरखून बघावं. चेहरा ठरलेला, वय थांबलेलं, बदलतो तो फक्त साज. म्हणजे बारीकसारीक वस्तू काढून घेतल्या तर राणी नावाची काही वस्तू उरतच नाही, आणि ती सगळी जबाबदारी ताईने फोनवर अर्ध्या मिनिटात माझ्याकडे सरकवली होती.

सुरुवात गळ्यातल्या चाकापासून केली. इंग्रजीत त्याला ‘रफ’ म्हणतात. पाच-सहा मीटर तलम कापड घ्यायचं, त्याच्या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या घड्या घालायच्या आणि ते सगळं गळ्याच्या पट्टीत कोंबायचं. म्हणजे अख्ख्या लुगड्याचं कापड एका मानेत. नांदेडच्या वजिराबादेतल्या ओळखीच्या टेलर चाचांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, ‘ये क्या है साब? गले में चुंबळ डालना क्या?’

‘हौ,’ मी म्हणालो.

‘पण चुंबळ तो सर पे रखते,’ चाचांनी शंका काढली. ‘इनों के यहां घागर गले में रखते क्या?’

चाचांचं चुकलं नव्हतं. चुंबळीवर निदान घागर राहते, ‘रफ’वर काहीही राहत नाही, ती नुसती उभी राहते. आणि तिने उभं राहावं यासाठी इंग्लंडला परदेशातून माणसं आणावी लागली. राणीला असा गळा घालायची हौस आली तेव्हा इंग्लंडात खळ कशी करायची ते धड कुणाला ठाऊक नव्हतं. राणीचा कोचमन डच होता. त्याच्या बायकोला खळ येत होती म्हणून ती राणीची पहिली खळवाली झाली. नवरा गाडी सांभाळायचा, बायको मान. १५६४ मध्ये फ्लँडर्सकडची डिंगन व्हॅन डर प्लास नावाची बाई लंडनला आली आणि तिने खळीचे क्लासच काढले. खळ देणं शिकवायचे चार ते पाच पौंड आणि खळ शिजवणं शिकवायचे वीस शिलिंग वेगळे. हे मी लातूरला सांगितलं तेव्हा कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. भाचीच्या वडिलांनी एवढंच विचारलं, ‘थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, हॉस्टेल होतं का?’ ज्या शहरात अकरावीचा मुलगा गावाहून ट्रंक घेऊन उतरतो आणि नीटची परीक्षा देऊनच घरी जातो, तिथे डिंगनबाईंनी पाच मजली इमारत बांधली असती आणि यशस्वी विद्यार्थिनींचे गळ्यातल्या जाळीसकट फोटो बसस्टँडसमोर लावले असते.

आमच्या घरात खळीची थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही बायकोकडे होतं. साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी भरपूर पाण्यात शिजवायचा, पांढरेपणा जाऊन काचेसारखा झाला की फडक्यातून गाळायचा आणि कोमट असतानाच कापड बुडवून पिळायचं. पूर्वी घरोघरी धोतरं आणि सुती साड्या अशाच कडक व्हायच्या. चाचांनी आतून बकरम लावून दिलं, वर तलम मलमल. घड्या बसवायला इंग्रज लोखंडी सळ्या तापवून वापरत. आम्ही स्वेटर विणायच्या जाड सुया काढल्या. एक घडी, एक सुई, वरून इस्त्री, मग पुढची घडी. दहा घड्या झाल्या की बायको म्हणायची, ‘चांगली बसतेय,’ आणि तेवढ्यात पहिली घडी सुटायची. गच्चीवर वाळत घातलेल्या त्या चाकाचा सुगावा पहिल्यांदा मुंग्यांना लागला. साबुदाणा म्हटल्यावर त्यांची काय चूक? दोन तासांत राणीच्या गळ्याभोवती मुंग्यांची शिस्तबद्ध मिरवणूक निघाली.

त्या काळात फिलिप स्टब्स नावाचा एक सोवळा माणूस होता. त्याने १५८३ मध्ये पुस्तक लिहून या फॅशनवर आग पाखडली आणि खळीला सैतानाचं पेय ठरवलं. पाऊस आला की ही सगळी ऐट कशी लोळागोळा होऊन खांद्यावर फडफडते, तेही त्याने मोठ्या समाधानाने लिहून ठेवलंय. आमच्याकडे ती भीती कमी. लातूरला तर २०१६ मध्ये प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणायची वेळ आली होती. त्या साली कुणी गळ्याला खळ घालायला बादलीभर पाणी मागितलं असतं, तर कॉलनीने स्टब्ससाहेबांचा जाहीर सत्कार केला असता.

खुद्द लंडनमध्ये एकदा ही फॅशन इतकी माजली की शहराच्या वेशींवर जबाबदार, पोक्त नागरिक उभे केले गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यातली झालर ठरलेल्या मापापेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन इंचांपेक्षा, जास्त असली की कातरीने कापायची. तलवार एका यार्डापेक्षा लांब असली की टोक मोडायचं. आपल्याकडे चौकात हेल्मेटची तपासणी होते, तिकडे गळ्याची. फरक इतकाच की आपल्याकडे हेल्मेट नसलं तर अडवतात, तिकडे गळा जास्त झाला तर.

गळ्याचं मार्गी लागल्यावर कमरेकडे वळलो. राणीच्या कमरेला साखळी, साखळीला गोंडे आणि एक छोटी धातूची जाळीदार डबी लोंबते. डबीत सुगंधी मसाला. लंडनच्या गल्ल्यांत नाकाला लावायला. ही वस्तू नांदेडच्या कुठल्या दुकानात मिळेल या विचारात फिरत असताना पाय आपोआप बैलांच्या साजाच्या दुकानापाशी थांबले. ही दुकानं पोळ्याला ओसंडतात, एरवी मालक एकटाच पेपर वाचत बसलेला असतो. आत काय नाही? लोकरी गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरं, आरसे लावलेल्या झुली, शिंगांच्या पितळी शेंब्या. लाल कंधारी आणि देवणी या जातींच्या बैलांनी पिढ्यान् पिढ्या हा साज वापरलाय. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला घोडेबाजार भरतो, तिथे तर घोड्यांच्या अंगावर असा साज असतो की राणीने बघितला असता तर माणूस पाठवून चौकशी केली असती.

मालकाने विचारलं, ‘बैल कोणत्या जातीचा?’

‘बैल नाही. राणी आहे.’

‘गाय म्हणा की मग,’ तो म्हणाला, आणि अतिशय आपुलकीने नाजूक गोंडे काढून दाखवायला लागला. शेवटी लाल-सोनेरी गोंड्यांची जोडी, एक बारीक घुंगरांची पट्टी आणि दोन पितळी शेंब्या घेतल्या. दोन शेंब्यांची तोंडं एकमेकींना जोडली, मध्ये अत्तराचा बोळा ठेवला आणि साखळीत अडकवलं. वेलची, लवंग घालून पुन्हा हुंगून बघितलं. एलिझाबेथच्या ट्यूडर काळात आणि नांदेडच्या इतवाऱ्यात एकच मसाला चालतो.

मोत्यांचं काम त्याहून सोपं. नांदेडचा मोती हैदराबादकडे बघून चमकतो. आमची रेल्वेसुद्धा सिकंदराबादच्या हुकमाने सुटते, मोत्यांनी वेगळं का वागावं? दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘ओरिजनल डुप्लिकेट दाखवू की लोकल डुप्लिकेट?’ मी ओरिजनल डुप्लिकेट घेतले आणि राणीच्या परंपरेला जागलो. कारण एलिझाबेथने १५६८ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचे प्रसिद्ध मोत्यांचे सर फ्रान्सच्या राजमातेच्या नाकावर टिच्चून विकत घेतले हे जितकं खरं, तितकंच तिच्या कपड्यांवर शिवायला पेनीला एक असे नकली मोती घेतले जात हेही खरं. खरे मोती जवळ दिसतील अशा ठिकाणी लावायचे, नकली दुरून दिसतील तिथे. हे तत्त्व आमच्याकडच्या लग्नांत आजही पाळलं जातं, फक्त ते कोणत्या बाजूने पाळलं ते दुसऱ्या बाजूला मुंहदिखाईनंतर कळतं.

राणीच्या कपड्यांवरच्या वस्तू पडायच्याही भरपूर. बटणं, मोती, सोन्याची छोटी बोंडं, सगळं टाक्यांवर नाहीतर टाचण्यांवर अवलंबून, आणि टाचण्या हजारांनी लागत. १५६१ ते १५८५ या काळात राणीच्या अंगावरून काय काय हरवलं याची नोंद करायला चक्क वही ठेवलेली होती. जॅनेट अर्नोल्ड या अभ्यासक बाईंनी ती वही प्रसिद्धही केली. पुढे १९८८ मध्ये राणीच्या वॉर्डरोबवर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ही वही बघून मला आमच्या ड्रेपरीवाल्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. तोही तेच करतो: ‘बाजूबंद एक, खडा नाही, पगडीची मोत्यांची लड अर्धी, दाढी, परत आली, पण ओली.’ फरक एवढाच की राणीकडून डिपॉझिट कापून घेता येत नव्हतं.

गंमत अशी की हा जवाहिऱ्यांचा धंदा आणि राणीचा दरबार एकदा आमच्या दारावरूनच गेलाय. १५८३ च्या फेब्रुवारीत राणीने काही व्यापाऱ्यांबरोबर अकबर बादशहाला पत्र पाठवलं. त्या टोळीत राल्फ फिच होता आणि विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या होता. पोर्तुगीजांनी त्यांना होर्मुझला पकडून गोव्याला नेलं. तिथून निसटून ते विजापूर, गोवळकोंडा, बीदर, बाळापूर करत बुऱ्हाणपूरमार्गे उत्तरेत गेले. नकाशावर बीदर आणि बाळापूर यांच्यावर पट्टी ठेवली तर ती उदगीर आणि नांदेडच्या जवळून जाते. म्हणजे राणीचा जवाहिऱ्या चारशे वर्षांपूर्वी आमच्याच भागातून चालला होता आणि पुढे तो अकबराच्याच नोकरीत राहिला. थोडा दम धरून इतवाऱ्यात दुकान टाकलं असतं तर आज माझी एवढी पायपीट वाचली असती.

तिकडे लातूरला घेरदार झग्याचं काम जोरात चाललं होतं. राणीच्या झग्याखाली एक सांगाडा असायचा, वेतांच्या नाहीतर देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या कड्यांचा, त्यावर कापड पसरायचं. १५९२ च्या सुमाराच्या तिच्या एका चित्रात हा घेर इतका आडवा आहे की राणी टेबलात उभी राहिली आहे असं वाटतं. लातूर जिल्ह्यात सध्या बांबू लावायची चळवळ जोरात असल्याने कामट्यांचा प्रश्न नव्हता. बुरुडाने कडी करून दिली. पण ती कडी बांधून उभी कशी करायची यावर ताई, तिची नणंद आणि शाळेच्या मॅडम तिघी बसून राहिल्या. यूट्यूब झालं, मैत्रिणी झाल्या. शेवटी ताईच्या सासूबाई आतून पोथी बंद करून आल्या.

‘काय करायलाव बायांनो?’

ताईने सांगितलं. त्यांनी कड्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘ह्याला एवढा विचार कामून? महालक्ष्म्या उभ्या करता की नाही दरसाल? तसंच हे.’

आणि खरंच, भाद्रपदात आमच्याकडे घराघरांत दोन-दोन राण्या उभ्या होतात. लोखंडी स्टँड, त्याला कापडाचा पोट-पाठ, वर मुखवटा, बाजूला हात, आणि मग नेसणं. निऱ्या किती, पदर कुठे, कमरपट्टा कोणत्या निरीवर, टाचणी दिसायला नको पण सुटायलाही नको. हे शास्त्र मराठवाड्यातल्या बाईला तोंडपाठ असतं. सासूबाईंनी कामट्यांची कडी सुतळीने वरून खाली बांधली, दोन्ही बाजूंना जुन्या उशा लावल्या, वर अस्तर, वर झगा, आणि तोंडात टाचण्या धरून अर्ध्या तासात इंग्लंडची राणी खणखणीत उभी केली. राणीच्या दिमतीला माणसं होती, वह्या होत्या, खाती होती. इथे एक बाई होती आणि दर मिनिटाला ‘हलू नको गं’ एवढंच म्हणत होती.

केसांचा प्रश्न तर त्यांनी बसल्या जागी सोडवला. एलिझाबेथचे केस तांबूस, आणि पुढे ती तांबूस टोपच घालायची. गंगावन आणलं, त्याला मेंदी लावली. रंग बरोबर आला की नाही ते सासूबाईंच्या डोक्याशी लावून बघितलं. त्यांनी गेली कित्येक वर्षं दर पंधरवड्याला ट्यूडर रंगच लावलाय. चेहरा पांढरा करायला त्या काळी शिशाचा सफेदा असायचा, कातडी खाणारा. तो अर्थातच रद्द. बेबी पावडर आणि थोडं फाउंडेशन, वर गालाला लाली. ताई म्हणाली, ‘एवढी गोरी तर हिच्या लग्नातही करणार नाही.’

रंगीत तालमीला मी नांदेडहून सगळा साज घेऊन गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत एसटीत तो ‘रफ’ मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाई बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘सत्यनारायणाचं का?’ मी हो म्हणालो. एलिझाबेथची कुंडली एसटीत उलगडत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

राणी सजली आणि मग गंमत सुरू झाली. तिला बसता येईना. सांगाडा वर उठायचा. उभं राहिलं तर पाय दिसेनात, त्यामुळे पायरी उतरायची तर दोघांनी हात धरायचा. मान वळेना, म्हणून कुणी हाक मारली की ती अख्खी वळायची, आणि वळली की शेजारच्या मावळ्यांच्या टोप्या खाली पडायच्या. पाणी प्यायचं तर स्ट्रॉने. चिवडा खायचा तर दुसऱ्याने भरवायचा, तोही वरून, कारण खालून हात आला की गळ्यात अडकायचा. सर्वांत मोठा प्रश्न नाकाचा. ‘मामा, नाक खाजव,’ असा हुकूम सुटला आणि मी व्यापाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन तो बजावला. वर्गातली एरवी हिला विचारत नसलेली पोरं एकेक करून पंखा घालायला, पाणी आणायला, झगा उचलायला धावली. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

तिथे मला राजवैभवाचं सगळं गणित एकदम उकललं. मोती, गळा, घेर, टाच, हातमोजे या शोभेच्या वस्तू नव्हेतच. स्वतःच्या हाताने काही करता येऊ नये अशी ती सगळी व्यवस्था आहे. ज्याला वाकता येतं तो मजूर, ज्याला बसता येतं तो कारकून, आणि ज्याला यापैकी काहीही जमत नाही, फक्त सही करता येते, तो राजा. त्या हिशेबाने चाँदबिबीची निवड झाली नाही हे योग्यच झालं. ती स्वतः तटावर जाऊन उभी राहिली. असलं काम करणाऱ्या बाईला कोण राणी म्हणेल?

आणि हा साज काही इतिहासात जमा झालेला नाही. आमच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात जावं. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो. मान टेकवायला नव्हे, मान असल्याचं कळवायला. टेबलावर घंटी, पाणी पेल्यात ओतायलाही ती वाजवावी लागते. गाडीच्या टपावरचा दिवा २०१७ मध्ये गेला तेव्हा काहींना मुकुट उतरल्याचं दुःख झालं. पण नेत्यांनी पर्याय शोधला. आता क्रेनने उचलून घालायचे हार निघालेत, काही ठिकाणी तर जेसीबीच्या बकेटमधून फुलं ओततात. त्या हारात उभं राहिलेल्या माणसाकडे नीट बघा: मान हलत नाही, हात दिसत नाहीत, पाय कुठे ते त्यालाच ठाऊक नाही, आणि चारी बाजूंनी माणसं त्याला धरून उभी. साक्षात एलिझाबेथ.

गॅदरिंग छान झालं. भाचीने सही अशी ऐटीत केली की पाठीमागे बसलेल्या एका पालकाने उठून विचारलं, ‘हिला कोणत्या क्लासला घातलंय?’ पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात मात्र लंडनच्या वेशीवरची ती पोक्त माणसं घोळत होती, हातात कातरी घेऊन, सव्वादोन इंचांचं माप लावणारी. आमच्याकडच्या हारांना, फ्लेक्सना, फेट्यांच्या तुऱ्यांना तसं माप लावायला हरकत नाही. नांदेडच्या वेशीवर कातरी आणि टेप दोन्ही ठेवता येईल, चाचा द्यायला तयार आहेत. अडचण एकच आहे: तिथे उभं राहायला पोक्त नागरिक मिळणार नाहीत. ते सगळे हार घालायच्या रांगेत उभे आहेत.